चीज भरलेला मासा फुटतो, गळतो, पाणी सोडतो: आधी पाण्याचा बंदोबस्त करा

"ताई, चीज सगळं तव्यावर आलं की ओ, मासा आतनं रिकामाच!" सोलापुरात ज्यांच्या घरी पाहुण्यांसाठी चीज भरलेला मासा करायचा बेत ठरतो, त्यांच्यापैकी बऱ्याच जणींचा दुसऱ्या दिवशी मला असाच फोन येतो. तक्रारीचं रूप थोडंफार बदलतं. कुणाचं चीज कडेने बाहेर येऊन करपतं, कुणाच्या ताटात माशाभोवती पांढरट पाणी साचतं, कुणाचा मासा उलटताना मोडतो, तर कुणाचा बाहेरून कोरडा आणि आत सारण गारच. मग पुढच्या वेळी महागडं चीज आणलं जातं, दुप्पट टूथपिक टोचल्या जातात, आणि पुन्हा तेच होतं.

चीज बदलण्याआधी माशातलं पाणी बघा, एवढंच मला कळकळीने सांगायचं आहे. यातल्या पहिल्या तीन तक्रारींच्या मुळाशी बहुतेक वेळा पाणीच असतं, आणि आपल्या गावात मिळणाऱ्या माशांच्या बाबतीत ते जरा जास्तच असतं.

पाणी येतं कुठून

आपण समुद्रापासून लांब. रत्नागिरी घ्या नाहीतर मुंबई, रस्त्याने ३०० किलोमीटरच्या पुढेच. त्यामुळे पापलेट, सुरमई आपल्यापर्यंत येते ती बर्फात प्रवास करून. काटे काढलेला पांढरा मासा हवा असेल, तर हाताशी असतो तो फ्रीझरमधला बासा. आणि ताजंच हवं असेल, तर उजनी धरणातली चिलापी, म्हणजे तिलापिया.

बासा हा पंगस जातीचा, शेततळ्यात वाढवलेला मासा. व्हिएतनाममध्ये मेकाँग नदीच्या मुखाजवळ त्याची मोठी शेती होते. आपल्या देशात आंध्रातही पंगस वाढवतात. त्याचं मांस मुळातच मऊ आणि पाणीदार. शिवाय फ्रीझरमध्ये वाळू नये म्हणून फिलेटवर बर्फाचा पातळ थर चढवलेला असतो. काही पाकिटांत मांसात पाणी धरून ठेवण्यासाठी फॉस्फेटही वापरलेलं असतं. पाकिटाच्या मागे घटक वाचा. फॉस्फेट किंवा आयएनएस ४५१ असं लिहिलेलं दिसलं, तर तो मासा शिजताना जास्त पाणी सोडणार हे धरून चाला. शक्य असेल तर ज्याच्या घटकांत फक्त मासा लिहिलाय, असं पाकीट घ्या.

गोठण्याचाही परिणाम होतो. मासा हळूहळू गोठला की आत बर्फाचे मोठे खडे तयार होतात आणि ते मांसाच्या पेशी फोडतात. बर्फ वितळला की त्या फुटलेल्या पेशींतलं पाणी बाहेर येतं. दुकानातून घरी येईपर्यंत अर्धवट सुटलेलं पाकीट आपण परत फ्रीझरमध्ये टाकतो, तेव्हा हीच मोडतोड दुसऱ्यांदा होते. मे महिन्यात पारा ४०च्या वर असताना दुचाकीच्या डिकीत बासा आणायचा असेल, तर थर्माकोलचा डबा किंवा निदान बर्फाची पिशवी बरोबर न्या आणि मासा सगळ्यात शेवटी विकत घ्या.

बर्फ सोडवताना

गोठलेला मासा ओट्यावर उघडा ठेवून सोडवण्याची सवय आपल्याकडे घरोघरी आहे. सोलापूरच्या उन्हाळ्यात ती सोडाच. आतला भाग बर्फच असतो तेव्हा वरचा भाग खराब व्हायला लागलेला असतो, आणि असा मासा शिजवल्यावर भुगा होतो. रात्री झोपताना पाकीट फ्रीझरमधून काढून खाली फ्रिजमध्ये, खोलगट ताटलीत ठेवायचं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तो व्यवस्थित सुटतो. मात्र हवा काढून बंद केलेलं पाकीट असेल, तर फ्रिजमध्ये ठेवताना ते कात्रीने थोडं उघडा. तसंच बंद ठेवू नये.

घाई असेल तर मासा घट्ट बंद पिशवीत घालून गार पाण्याच्या पातेल्यात बुडवा आणि दर अर्ध्या तासाने पाणी बदला. परदेशी पाककृतींत सर्रास लिहिलेलं असतं की वाहत्या नळाखाली धरा. आपल्याकडे नळाला पाणी रोज येत नाही, तेव्हा तो सल्ला मी कुणालाच देत नाही. पातेल्यातलं पाणी पिशवीमुळे स्वच्छच राहतं, ते कुंड्यांना घाला.

मीठ आणि पंधरा मिनिटं

सगळ्यात जास्त फरक पडतो तो इथे, आणि नेमकी हीच पायरी गाळली जाते. सुटलेला मासा कोरड्या सुती पंचाने किंवा टिश्यूने टिपा. साधारण ६०० ग्राम माशाला एक सपाट चमचा मीठ दोन्ही बाजूंनी लावा आणि जाळीवर किंवा तिरक्या ताटलीत १५ मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. खाली पाणी जमा होईल. ते ओतून द्या, मासा परत टिपा. धुऊ नका. इथे लिंबूही पिळू नका. आंबटाने पांढऱ्या माशाचं मांस वरून शिजल्यासारखं होतं आणि मग ते सुटं पडतं.

मीठ इथे दोन कामं करतं. एक तर वरचं मोकळं पाणी ओढून काढतं. दुसरं, माशातलं मायोसिन नावाचं प्रथिन मिठाने थोडं विरघळून पृष्ठभागावर येतं आणि मासा हाताला चिकट लागतो. हा चिकटपणा आपल्याला हवा आहे. सारण भरून दोन कडा एकमेकींवर दाबल्या आणि उष्णता लागली, की हेच प्रथिन घट्ट होऊन कडा जोडून टाकतं. ओल्या कडा मात्र कितीही दाबा, जुळत नाहीत; ओल्या पाकिटाला डिंक लावावा तसं होतं. टूथपिकने कड जागेवर राहते, पण बंद होत नाही.

कड नीट बंद न होण्याचा संबंध वाफेशी आहे. एक माप पाण्याची वाफ झाली की ती सुमारे १७०० मापं जागा मागते. आत ओलं सारण, बाजूला ओला मासा, आणि तवा धगधगता. वाफेला बाहेर पडायला वाट लागते, ती सगळ्यात कमकुवत ठिकाण शोधते आणि जाताना वितळलेलं चीज बरोबर घेऊन जाते. म्हणून चीज गळलं असं दिसतं, तेव्हा त्याला बाहेर ढकललेलं असतं पाण्याने.

सारण कोरडं हवं, आणि थोडंच हवं

पालक घालत असाल तर उकळत्या पाण्यातून काढून मुठीत घट्ट पिळा. एकदा पिळून झाल्यावर पंचात घालून परत पिळा, अजून पाणी निघतं. कच्चा कांदा आणि टोमॅटो सारणात नकोतच. मशरूम हवंच असेल तर चिरून कोरड्या तव्यावर पाणी आटेपर्यंत परता.

ओलावा धरून ठेवायला पुस्तकांत ब्रेडचा चुरा सांगतात. माझी पसंती पंढरपुरी डाळ्याच्या पिठाला. डाळं आधीच भाजलेलं असतं, त्यामुळे बेसनासारखी कच्ची चव उरत नाही, आणि दोन चमच्यांत सारण गोळा धरतं. दुसरी चांगली गोष्ट म्हणजे कडक भाकरीचा चुरा. ज्वारीची कडक भाकरी मिक्सरमधून जाडसर फिरवली की तिला माशाचा रस शोषून घ्यायला भरपूर वाव असतो, आणि चवही आपल्या ताटातली राहते. शेंगादाण्याचा कूट चवीला झकास, पण एकट्या कुटाच्या भरवशावर राहू नका. त्याला स्वतःचं तेल असतं, पाणी तो फारसं घेत नाही. कूट घातला तरी एक चमचा डाळ्याचं पीठ हवंच.

चौघांसाठी माझं प्रमाण असं: १५० ग्रामचे चार फिलेट, १०० ग्राम पनीर हाताने कुस्करून, ६० ग्राम किसलेलं क्यूबचं चीज, पिळलेला पालक मूठभर, ठेचलेला लसूण, बारीक हिरवी मिरची, कोथिंबीर, मिरपूड आणि दोन चमचे डाळ्याचं पीठ. मीठ नाही. चीज खारट असतं आणि माशाला आधीच मीठ लागलेलं आहे. एका फिलेटात साधारण ५० ग्राम सारण पुरे. पाहुणे येणार म्हणून ठासून भरायचा मोह होतो, तो आवरा. कडेला सगळीकडून बोटभर जागा मोकळी ठेवा.

सारणाचे लांबट मुटके करून २०-३० मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवले, तर चीज उशिरा वितळतं आणि तोवर कडा जुळायला वेळ मिळतो. रात्रभर मात्र ठेवू नका. दगड झालेलं सारण भरलं, तर मासा शिजून कोरडा होतो आणि मधोमध गारच राहतो. "आत गार" या तक्रारीचं हेच नेहमीचं कारण आहे.

चीज कोणतं

यावर थोडक्यात. पनीर आंबटाने फाडलेल्या दुधाचं असतं, ते तापल्यावर मऊ होतं पण वितळत नाही. म्हणून सारणाचा सांगाडा पनीरचा ठेवायचा. क्यूबच्या प्रक्रिया केलेल्या चीजमध्ये तूप आणि पाणी एकत्र धरून ठेवणारे क्षार असतात, त्यामुळे ते सहसा फाटत नाही. पिझ्झावरचं मोझरेला तार देतं, पण एकटं वापरलं की पळतं, आणि तापमान जास्त झालं की त्याचं तेल वेगळं होऊन दोरीसारखा चिवट गोळा उरतो. तार हवीच असेल तर क्यूबचं चीज निम्मं करून तेवढं मोझरेला घाला. डबीतलं पसरवायचं चीज भरण्यासाठी वापरू नका. चक्काही नको, तापला की त्यातलं पाणी सुटतं आणि आपण पुन्हा जिथून निघालो तिथेच येतो.

भरायचं कसं

फिलेट जाड असेल तर जाड बाजूने आडवी चीर देऊन खिसा करा. सुरी धारदार हवी, आणि तिन्ही बाजूंनी सेंटीमीटरभर मांस न कापता सोडायचं. बासाचं शेपटाकडचं टोक पातळ असतं, तिथे खिसा करायला जाल तर फाटणारच. अशा पातळ फिलेटची गुंडाळी करा. गुंडाळताना ज्या बाजूची कातडी काढलेली आहे, ती बाजू आत घ्या. ती ओळखायची सोपी खूण म्हणजे तिच्यावर एक पातळ चंदेरी पापुद्रा दिसतो. शिजताना तो पापुद्रा आक्रसतो; आत असला तर गुंडाळी आणखी घट्ट होते, बाहेर असला तर उलगडते. दोऱ्याने बांधायचं असेल तर साधा पांढरा सुती दोरा घ्या, आणि जोड खाली येईल असा मासा ठेवा.

उजनीची चिलापी घेत असाल तर

भिगवण-टेंभुर्णी पट्ट्यातल्या ढाब्यांमुळे चिलापी फ्राय सगळ्यांना माहीत आहे, पण भरायला हा मासा किती सोयीचा आहे हे फार जण लक्षात घेत नाहीत. रोहू-कटल्याच्या मांसात इंग्रजी वाय अक्षरासारखे बारीक दुतोंडी काटे पसरलेले असतात, ते काढणं जवळपास अशक्य. चिलापीत ते नसतात. मधला काटा आणि बरगड्या काढल्या की मांस मोकळं. मासेवाल्या मावशींना सांगायचं: "खवले आणि कल्ले काढा, पोट फाडू नका, पाठीतून उघडा आणि मधला काटा काढून द्या." आतडी त्या पाठीच्या चिरेतूनच काढतात. पोटाची बाजू अखंड राहिली की खालून गळायला जागाच उरत नाही, भांड्यात भरावं तसं सारण आत बसतं. गर्दीच्या वेळी त्या नाही म्हणतील, म्हणून सकाळी लवकर जा.

चिलापीला कधीकधी चिखलाचा वास येतो. तो धरणाच्या पाण्यातल्या निळ्या-हिरव्या शेवाळातून आणि तळाच्या सूक्ष्मजीवांतून येणाऱ्या जिओस्मिन नावाच्या द्रव्याचा असतो. ते माशाच्या चरबीत आणि कातडीत साठतं. पोटातला काळा पापुद्रा चोळून काढा, पाठीलगतचा तांबडा पट्टा खरवडा. मग आंबट ताकात किंवा चिंचेच्या पातळ पाण्यात १० मिनिटं बुडवून लगेच धुऊन टिपा. आंबटाने हा वास बराच कमी होतो. दहाची तीस मिनिटं झाली तर मांस भुसभुशीत होतं, आणि तव्यावर मोडण्याचं कारण आपणच तयार करतो. मिठाची पायरी यानंतर.

तव्यावर मोडतो, चिकटतो

इथेही आधी टिपलेला मासाच वाचवतो. ओला मासा तव्याला लागला की तव्याची उष्णता पाण्याची वाफ करण्यात जाते, मासा भाजण्याऐवजी वाफवला जातो आणि चिकटतो. बिडाचा तवा मध्यम आचेवर चांगला तापू द्या, मग तेल घाला, तेल लाटेसारखं हलायला लागलं की रवा आणि तांदळाच्या पिठात घोळवलेला मासा ठेवा. पिठात घोळवणं अगदी शेवटच्या क्षणी. आधी घोळवून ठेवलं की पीठ ओलं होऊन सालासारखं सुटतं.

त्यानंतर चार मिनिटं हात लावू नका. खालचा पापुद्रा कडक झाला की मासा आपोआप तवा सोडतो. उलथनं सरकत नसेल तर तो अजून तयार नाही, एवढाच अर्थ. उलटायचा एकदाच, रुंद उलथन्याने, वरून दुसऱ्या चमच्याचा आधार देऊन. झाकण ठेवायची गरज वाटली तर तिरकं ठेवा. घट्ट झाकलं की झाकणाला आलेला घाम थेंब-थेंब परत माशावर पडतो, आणि कुरकुरीत झालेलं सगळं मऊ पडतं.

ओव्हन असेल तर काम सोपं. ओटीजी २०० अंशांवर निदान १५ मिनिटं आधी तापवा, रिकामा ट्रेही आतच तापू द्या आणि गरम ट्रेवर तेल लावलेला मासा ठेवा. मायक्रोवेव्हमध्ये करत असाल तर फक्त कन्व्हेक्शनवर. साध्या मायक्रो मोडवर आतलं पाणी आधी उकळतं आणि खिसा फुटतोच. दोन्ही नसेल तर जाड बुडाच्या कढईत मिठाचा थर, त्यावर स्टँड, वर झाकण, मध्यम आचेवर १५ मिनिटं तापवून मग ताटली आत ठेवायची. कुकर यासाठी कोरडा तापवू नका.

शिजला कसं ओळखायचं

पांढऱ्या माशाचा अंदाज जाडीवर बांधतात: सर्वात जाड ठिकाणी सारणासकट अडीच सेंटीमीटरला २०० अंशांवर साधारण १० मिनिटं. आपल्या सारणाला गारवा असतो, म्हणून दोन-चार मिनिटं जास्त धरा. ज्यांच्याकडे टोचायचा थर्मामीटर आहे त्यांनी सारणाच्या मध्यावर ६३ अंश बघावेत. नसेल तर पातळ सुरी मध्यापर्यंत घालून पाच सेकंद थांबा आणि काढून मनगटाच्या आतल्या बाजूला हळूच टेकवा. चांगली गरम लागली पाहिजे. माशाचं मांस पारदर्शक न राहता दुधाळ दिसतं आणि काट्याने दाबल्यावर पाकळ्या सुटतात. माशाच्या अंगावर पांढरे गुठळीसारखे ठिपके येऊन भोवती पाणी सुटायला लागलं, तर तो गरजेपेक्षा जास्त शिजतोय. मांस आक्रसून स्वतःचं पाणी पिळून बाहेर काढतंय. लगेच उतरवा.

उतरवल्यावर पाच मिनिटं जाळीवर राहू द्या. गरम असताना चीज पातळ असतं, थोडं निवलं की दाटतं. आल्याआल्या कापला तर सगळं बाहेर येणारच. पाहुण्यांना उशीर होत असेल तर शिजवून झाकून ठेवू नका. भरून, बांधून फ्रिजमध्ये ठेवा आणि ते दारात आले की तवा चढवा. मुख्य जेवणाला हा मासा देताना सोबत गरम भाकरी, शेंगाचटणी, लिंबाची फोड आणि काकडी पुरे. रस्सा शेजारी वाटीत. माशावर ओतला की आतापर्यंतची मेहनत वाया जाते.

घरातले मोठे हरकत घेतात तेव्हा

मासे आणि दूध एकत्र खाल्लं की अंगावर कोड उठतं, ही भीती आपल्या घरांत खोलवर आहे. आयुर्वेदात मासे-दुधाला विरुद्ध आहार म्हटलं आहे, तिथूनही तिला आधार मिळतो. आधुनिक वैद्यकाच्या मते कोड येतं ते त्वचेतल्या रंगपेशी नष्ट झाल्यामुळे, बहुधा शरीराच्याच प्रतिकारशक्तीच्या बिघाडातून. मासे-दूध खाण्याशी त्याचा संबंध आढळलेला नाही. तरी ताटावर बसलेल्या आजींशी यावरून वाद घालू नये असं मला मनापासून वाटतं. त्यांच्यासाठी एका फिलेटात चीज-पनीरच्या जागी लसूण, कोथिंबीर, शेंगादाण्याचा कूट, थोडी वाफवलेली मटार आणि डाळ्याचं पीठ भरा. पाण्याचे सगळे नियम तेच. ताटात ओळखू यावा म्हणून त्याला वेगळ्या रंगाचा दोरा नको, रंग सुटतो. वर एक कढीपत्त्याचं पान ठेवा. दुधाची किंवा माशाची ॲलर्जी कुणाला असेल तर ती गोष्ट निराळी, ती आधी विचारूनच घ्या.

उरलेला मासा निवल्यावर लगेच बंद डब्यात फ्रिजमध्ये, आणि दुसऱ्या दिवशीच संपवा. गरम करताना तवा, मंद आच, झाकण नाही. शाळेच्या किंवा ऑफिसच्या डब्यात उन्हाळ्यात देऊ नका. तुकडे झालेच असतील तर उकडलेल्या बटाट्यात आणि कडक भाकरीच्या चुऱ्यात मळून टिक्क्या थापा. चीज आधीच आत आहे, वरून फक्त मिरची आणि कोथिंबीर लागेल.